अकरा नंबरची गिरकी

ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, तेवढ्यात कोच दारातून डोकावला आणि 'जाताना दिवा बंद कर' म्हणावं इतक्या सहज म्हणाला, "गुरुवारी कुणी होऊ नकोस. तुझी तू खेळ." एवढं बोलून तो गेलासुद्धा. कॉरिडॉरमधून त्याच्या किल्ल्यांचा आवाज लांब जात राहिला. तिनं दुसऱ्या बुटाची नाडी तशीच हातात धरून ठेवली. डाव्या बाजूनं खेळणाऱ्या मुलीचा गुडघा गेल्या सामन्यात कामातून गेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या जागी एक खेळाडू नोंदवायची क्लबला मुभा होती, हेही ठाऊक होतं. आणि गुरुवारचा आपसातला सामना त्यासाठीच होता. पण त्यात आपला विचार होईल असं तिच्या मनातसुद्धा... खरं तर मनात होतंच, तीन वर्षं दुसरं होतं काय मनात? पण मनातली गोष्ट कुणी अशी दारातून डोकावून बोलून दाखवली की माणूस आधी दचकतो. ती दचकली. आणि हे दचकणं आनंदाचं नाही, भीतीचं आहे, हे तिच्या लक्षात यायला बसस्टॉप यावा लागला.

फुटबॉल क्लबमधलं तिचं काम पटकन सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून घरी तिनं ते कधी नीट सांगितलंच नव्हतं. शनिवारी ज्या संघाशी सामना असेल त्या संघातली सगळ्यात त्रासदायक खेळाडू ती आठवडाभर व्हायची. सोमवारी कोच तिला त्या बाईचे व्हिडिओ दाखवायचा. मंगळवारी ती मैदानात उतरायची ती त्या बाईचं चालणं, वळणं, खांदा पाडणं, चेंडू यायच्या आधी उगाच मोजे वर ओढणं, सगळं अंगात घेऊन. क्लबच्या मुली तिला अडवायचा सराव करायच्या आणि शनिवारी खरीला अडवायच्या. शनिवारी ही स्टँडमध्ये बसायची. शनिवारच्या सामन्यातली बाई म्हणून मुलींनी तिला 'शनिवार' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "दुसरा वार नव्हता का त्यांच्याकडे?"

आली होती ती खेळायलाच. लांबलांबून आलेल्या मुलींची चाचणी होती आणि त्यात ती पहिल्याच दिवशी बाहेर पडली. कुणी वाईट बोललं नाही. उंची कमी आहे म्हणाले, आणि एकानं कौतुकानं विचारलं, "तुमच्याकडे खेळतात का हा खेळ?" तिच्यासारखीच बाहेर पडलेली एक मुलगी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून रडत होती. तिला हसवावं म्हणून हिनं क्लबच्या गोलकीपरची नक्कल केली, हातमोजे घातलेले पंजे लांब धरून सासरच्या माणसांसमोर मिरवल्यासारखी चालणारी. रडणारी मुलगी हसली नाही, पण मागे उभा असलेला कोच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "तू थांब," तो म्हणाला. तिला वाटलं, आज नाही तर उद्या घेतील. मग ती थांबली. सकाळी लाँड्रीत काम, दुपारी सराव, सराव संपला की मैदानाला एकटीच्या फेऱ्या, गवत कापणारा माणूस "बाई, आता बास, मला इथलं कापायचंय" म्हणेपर्यंत. थंडीत बोटं बधिर व्हायची. पावलाचं एक हाड दोनदा दुखावलं आणि दोनदा ती कुणाला न सांगता त्यावर धावली, कारण दुखलं म्हटलं तर दुसरी कुणी नकलाकार शोधतील. दर हंगामाला ती स्वतःला सांगायची, हा शेवटचा. आणि दर हंगामाला कोच सांगायचा, पुढच्या वर्षी बघू. आता वय अठ्ठावीस झालं होतं, या देशात राहण्याची मुदत या हंगामाबरोबर संपत होती, आणि खेळाडू म्हणून नोंद झाली तरच ती वाढणार होती. म्हणजे गुरुवार हा काही साधासुधा गुरुवार नव्हता.

बसमध्ये ती नेहमीप्रमाणे माणसांची चालणी बघत बसली. ही सवय आता जाणारी नव्हती. पुढच्या दारातून चढलेला म्हातारा उजवी टाच टेकवत नव्हता. त्याला डावीकडे वळायला लावलं की तो गडबडणार. शाळेच्या दप्तराएवढी पर्स घेतलेली बाई खांद्यावरून मागे बघते, म्हणजे चेंडू तिच्या पुढ्यात टाकायचा. आणि मी? तिनं स्वतःला विचारलं. मला अडवायचं असेल तर कुठून अडवावं? हा प्रश्न इतका सोपा होता की उत्तर येईल म्हणून ती थोडा वेळ वाट बघत बसली. चष्म्याच्या दुकानाशी ती उतरली, दुकानाच्या वरच्या तिच्या खोलीत गेली, टेबल भिंतीला सरकवलं आणि मधल्या मोकळ्या जागेत खेळायला उभं राहतात तशी उभी राहिली. गुडघे जरासे वाकवून, वजन पुढे. आणि लगेच तिला कळलं की हे उभं राहणं गेल्या महिन्यातल्या सात नंबरचं आहे. तिनं ते सोडलं. दुसरं आलं ते त्याआधीच्या कुणाचं तरी, कोपर बाहेर काढून उभ्या राहणाऱ्या त्या लांबड्या बाईचं. तेही सोडलं. मग एकेक येत गेल्या, सुट्टीत पाहुणे येतात तशा, एक उठून गेली की दुसरी बसायची. शेवटी ती साधी उभी राहिली, भाजीच्या रांगेत राहावी तशी, आणि त्या उभं राहण्यातून काही फुटबॉल निघणार नव्हता.

तिनं दादाला फोन लावला. लहानपणी त्याच्याबरोबरच तर सगळं सुरू झालं होतं, पत्र्याच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत, हवा निघालेल्या चेंडूनं. दादाला वहिनीनं हाक मारली, त्यानं "आलो, आलो" म्हटलं, आणि मग हिला म्हणाला, "बोल, काय म्हणतेस?"

"दादा, मी कशी खेळायचे रे?"

"कशी म्हणजे? मस्त खेळायचीस."

"तसं नाही. म्हणजे, चेंडू आला की मी काय करायचे?"

दादा विचारात पडला. तो मुळात प्रामाणिक माणूस. "पळायचीस खूप," तो म्हणाला. "आणि हेडमास्तरीणबाईंची नक्कल काय करायचीस गं! गोल झाला की त्यांच्यासारखी चष्मा पुसत यायचीस. वाडीतली पोरं मॅच बघायला नाही, ते बघायला यायची." मग त्यानं फोन आईला दिला. आई म्हणाली, "तू पडायचीस फार. गुडघे कधी धड नव्हते तुझे. आता नाही ना पडत?" ती म्हणाली, नाही पडत. फोन ठेवल्यावर तिला आईचा नव्हे, दादाचाही नव्हे, नक्की कुणाचा ते न कळता फार राग आला. एवढी वर्षं आपण खेळलो, आणि बघणारं कुणीच नव्हतं.

नाही म्हणायला आईनं एकदा तिच्याकडे नीट बघितलं होतं. बाबा गेले तेव्हा तिला जाता आलं नाही, हंगाम चालू होता आणि तिला वाटलं होतं आत्ता आपण हललो तर जागा जाईल, जी जागा नव्हतीच. उन्हाळ्यात ती गेली. दुपारची वेळ, दादा-वहिनी बाहेर गेलेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता, वर न बघता म्हणाली, "त्यांचं चालणं करून दाखवतेस?" तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, काहीतरीच काय आई. आईनं घडी घालणं थांबवलं. मग ही उठली. दारातून आत आली, डावा हात पाठीमागे, चपला काढल्यावरही चपला असल्यासारखं पाऊल घासत, कपाटापाशी थांबून उगाच एकदा मूठ उघडून मिटून. आई बघत राहिली. असं डोळे भरून ती हिच्याकडे कधी बघत नव्हती, आणि आत्ताही हिच्याकडे बघत नव्हती. "पुरे," आई म्हणाली. नंतर दोघींनी मिळून चहा घेतला आणि पावसाळ्याआधी खिडकीला नवी जाळी बसवायची की नाही यावर बोलल्या. त्या दिवशी तिला पहिल्यांदा असं वाटलं होतं की आपण घरात आहोत, पण आपल्यासाठी कुणी दार उघडलेलं नाही.

बुधवारी लाँड्रीत ती आणि मावशी जोडीनं चादरी काढत होत्या. मावशी ही काही तिची मावशी नव्हे. इस्त्रीच्या रोलरवरून निघणाऱ्या गरम चादरीचं दुसरं टोक धरणारी, साठीला आलेली, गुडघ्यांनी वैतागलेली बाई. पण तीन वर्षं एकच चादर दोन टोकांनी धरली की काहीतरी नातं द्यावंच लागतं. हॉटेलांच्या चादरी मोठ्या असतात. दोघींचे हात एका वेळी उठले नाहीत तर सुरकुती पडते आणि सुपरवायझर ती चादर परत रोलरवर टाकायला लावतो. या दोघींच्या चादरी कधी परत गेल्या नव्हत्या.

"मावशी, मी नसते तेव्हा तुझी जोडी कशी जमते?"

"कुठली जमते? शिव्या घालत काम करते. त्या दुसऱ्या पोरीला मी सांगते हात वर, तर ती आधीच वर. तुला सांगावं लागत नाही. तू माझ्यासारखीच ओढतेस."

"आणि माझ्यासारखी कोण ओढतं?"

मावशी चादर धरून थांबली. "तुझ्यासारखी म्हणजे कशी?" तिनं खरंच विचारलं, खोचून नव्हे. मागून गरम चादर साठायला लागली तशी तिनं घाईनं टोकं जुळवली. "उद्या काय आहे एवढं? सकाळपासून तोंड एवढंसं झालंय."

तिनं सांगितलं. मावशीला खेळातलं काही कळत नव्हतं, पण तिनं हातातली चादर खाली ठेवली, घामानं ओल्या हातांनी हिचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "मग घे की ती जागा. इतकी राबलीस ती काय चादरी ओढायला?" सुपरवायझर काचेपलीकडून बघत होता म्हणून दोघींनी पुढची चादर उचलली.

गुरुवारी आभाळ भरलेलं होतं आणि गवत नुकतंच कापलेलं. तिला निळा बनियन दिला, त्यावर नंबर नव्हता. सामना सुरू झाला आणि पहिला बराच वेळ ती मैदानात लग्नाला आलेल्या अनोळखी माणसासारखी वावरली. कुणाच्या वाटेत येऊ नये एवढंच बघत. चेंडू आला की ती तो दुसरीला देऊन टाकायची. कोच रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा होता. असं चालणार नाही हे तिला कळत होतं. मग तिनं ठरवून धाव घेतली, कोपर बाहेर, खांदा पाडून, आणि समोर कॅप्टन होती. कॅप्टन बचावाला खेळायची, भिंतीसारखी बाई, तीन वर्षं हिला अडवून अडवून तयार झालेली. तिनं नुसता पाय पुढे केला आणि चेंडू काढून घेतला. पुढच्या वेळी हिनं सात नंबरचं केलं, कॅप्टननं तेही काढलं. मग ती बुटकी सोनेरी केसांची, मग उड्या मारणारी, मग डावखुरी. प्रत्येक वेळी कॅप्टन आधीच तिथं. साहजिकच होतं. या सगळ्या जणींना कसं अडवायचं हे हिनंच तर तिला शिकवलं होतं, दर मंगळवारी, न कंटाळता, स्वतः पुन्हा पुन्हा पडून. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि पळताना दोन्ही करता येत नाही म्हणून तिनं दोन्ही सोडून दिलं.

कदाचित म्हणूनच ते झालं. ती दमली होती, मन रिकामं झालं होतं, आणि मागून कुणीतरी जोरात चेंडू दिला. तो थांबवायला तिनं पाय उचलला आणि थांबवलाच नाही. चेंडू तिच्या दोन पायांमधून पुढे निघून गेला, तिचा डावा खांदा अजून इकडेच होता, कॅप्टन त्या खांद्याकडे झुकली, आणि मग ही वळली, उशिरा, इतक्या उशिरा की आता वळण्यात अर्थ नाही असं वाटावं, आणि चेंडूच्या मागे निघाली. समोर आता फक्त गोलकीपर होती. तिनं तो कोपऱ्यात मारला. जाळी हलली. एक क्षणभर तिला शेडमागच्या मातीचा वास आला, आणि दादा "अगं कुठं गेला चेंडू?" म्हणून स्वतःभोवती फिरत होता. हे माझं. हे कुणाकडून उचललेलं नाही, हे मी सात-आठ वर्षांची असताना माझ्या पायांनी काढलेलं आहे, आणि ते अजून आहे. आयुष्यात तिला इतका आनंद क्वचित झाला होता.

मागे कॅप्टन कमरेवर हात ठेवून हसत होती. "अकरा नंबर!" ती ओरडली. "अगं, तिला तर मी विसरलेच होते!" बाकीच्याही हसायला लागल्या. "अकरा नंबरची गिरकी," कुणीतरी म्हणालं. रेषेबाहेरून कोचनं लटक्या रागानं बोट दाखवलं, "शनिवार! आज कुणी नाही असं ठरलं होतं ना?"

मग तिला आठवलं. क्लबमधली तिची पहिली थंडी. वरच्या गटात नव्यानं आलेला एक संघ, ज्यांचा एकही व्हिडिओ मिळत नव्हता. त्यांची अकरा नंबर चपळ आहे, एवढंच कानावर आलेलं. कोच वैतागून म्हणाला होता, "काहीही कर. अकरा नंबर हो आणि धुमाकूळ घाल." तो एक आठवडा ती स्वतःची खेळली होती. खांदा, पायांमधून चेंडू, उशिराचं वळणं. कॅप्टन आधी चकली, मग शिकली, सगळ्या जणी घाम गाळून शिकल्या. शनिवारी खरी अकरा नंबर आली ती चांगली उंच, जड, चेंडू नुसता डोक्यानं मारणारी, आणि मध्यंतरालाच पाय धरून बाहेर गेली. "घाबरली आपल्याला," कॅप्टन म्हणाली होती, "गिरकी मारायची हिंमतच झाली नाही तिची." सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली होती. तेव्हा ती नवी होती, हसण्यात आपल्याला घेतात याचंच तिला अप्रूप होतं, आणि ती गिरकी माझी आहे असं सांगण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती गोष्ट अंगातून अशी गेली, आणि जिची नव्हती तिच्या नावावर राहिली.

सामना संपल्यावर कोचनं तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. तो मनानं वाईट नव्हता; वाईट असता तर सोपं गेलं असतं. "तू ग्रेट आहेस," तो म्हणाला. "पण मी आज तुला शोधत होतो. मला सगळ्या दिसल्या, तू दिसली नाहीस. आम्ही बाहेरून एकजण आणतोय. हंगाम संपेपर्यंत तू राहा, मुलींना तुझी गरज आहे."

"ती गिरकी माझी आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"अकरा नंबरची."

बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. पण त्या वळणाला दुसरं नाव तिलाही माहीत नव्हतं. कोचनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला. "आहेच तुझी," तो हसून म्हणाला. "त्या अकरा नंबरपेक्षा तूच चांगली करतेस." तिला सगळं सांगायचं होतं, थंडीतलं, शेडमागचं, दादाचं, तोंड उघडलंही होतं. पण आपण बोलतोय ते एखाद्या लबाड माणसाच्या तोंडी शोभेल असं तिला वाटलं. कॉरिडॉरमध्ये ओल्या मोज्यांचा वास भरून राहिला होता. "बरं," ती म्हणाली.

नवी आली ती पुढच्याच आठवड्यात. पायांत ताकद, चेहऱ्यावर कुठेही रुजायची तयारी. कोच हिला म्हणाला, "हिला ती गिरकी शिकव. मुलींना ठाऊक आहे म्हणून काय झालं, बाकी जगाला कुठे ठाऊक आहे?" नाही म्हणता आलं असतं. खांदा चुकीचा शिकवता आला असता, जराशी घाई करायला सांगितलं असतं तरी ती गिरकी मेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पहिल्या दुपारी ती खरोखरच तसं करायच्या बेतानं गेली. पण नवीनं पहिल्याच प्रयत्नात लवकर वळून सगळं वाया घालवलं, आणि हिच्या तोंडून आपोआप निघालं, "थांब. अजून थांब. आता उशीर झाला असं वाटलं ना, की मग वळ." मग ती शिकवतच गेली. नवीचा खांदा हातात धरून, पावलं बुटाच्या टोकानं सरकवून, पोटच्या पोरीला शिकवावं तसं. नवी चार दिवसांत शिकली.

"तू स्वतः का नाही खेळत?" पाणी पिता पिता नवीनं विचारलं.

"मला शनिवारी सुट्टी असते," ती म्हणाली. नवीला तो विनोद कळला नाही, तिनं मान हलवली.

शनिवारी ऊन पडलं होतं. ती स्टँडमध्ये नेहमीच्या बाजूला बसली, मुदत संपायला आता थोडेच सामने उरले होते आणि सामानातलं काय मावशीला देऊन टाकायचं याचा विचार करत होती. मध्यंतरानंतर चेंडू डावीकडे आला. नवीनं पाय उचलला. हिच्या कमरेत आधीच कळ उठली, थांब, अजून थांब, आणि नवी थांबली. चेंडू पायांमधून गेला, डावा खांदा इकडेच राहिला, समोरची भलतीकडे झुकली, आणि उशिरा, अगदी उशिरा, नवी वळली आणि मोकळी झाली. अंगावर शहारा यावा असं होतं ते. पुढच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याचा दंड धरून म्हणाला, "ही कुठून आणली?" इतके दिवस ती ज्याला त्याला विचारत होती, आणि उत्तर आत्ता समोर उन्हात धावत होतं. अशी खेळायचे मी. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते बाहेरून बघितलं, आणि तिला कळतं त्या सगळ्यानिशी तिला कळलं की ते चांगलं होतं, घेण्यासारखं होतं, पहिल्या दिवशीही घेण्यासारखंच होतं. तिचे डोळे भरून आले. नवी गोलच्या दिशेनं पुढे निघाली होती. पुढच्या रांगांमधली माणसं एकदम उठली, आणि त्यांच्या पाठींआडून काही दिसेना म्हणून तीही उठून उभी राहिली.